कपडे बदलायच्या खोलीतली ‘गंमत’

नेवासे तालुक्यातल्या घोडेगावहून बोलतेय. गेल्या वेळी आपण गटाच्या अंतर्गत कर्जाचा हिशोब बघितला. आज खेळाविषयी बोलायचंय. पण कोण जिंकलं, कोण हरलं, ते नाही. खेळाडू मैदानातून आत जातात, कपडे बदलतात, डबा खातात, तिथे एकमेकांना काय बोलतात, त्याविषयी.

तुम्ही म्हणाल, आपला काय संबंध? संबंध आहे. आता आपल्या मुलीसुद्धा कबड्डी, खो-खो, कुस्ती, धावणं यासाठी बाहेर पडतात. तालुक्याला जातात, जिल्ह्याला जातात, कधी दोन-दोन रात्री परगावच्या शाळेत सतरंजीवर झोपतात. परत आल्यावर आपण विचारतो, जेवलीस का, जिंकलात का, लागलं तर नाही ना? तिथे तुला कोण काय म्हणालं, हे आपण विचारत नाही. आणि मूल तर आपण होऊन सांगतच नाही.

मोठ्या खेळाडूंना कपडे बदलायला, बसायला वेगळी खोली असते, तिला ड्रेसिंग रूम म्हणतात. तिथे बाहेरच्या कुणाला जाता येत नाही. पेपरवाले नाहीत, कॅमेरा नाही, घरचे नाहीत. आपल्या पोरींची ड्रेसिंग रूम म्हणजे शाळेचा रिकामा वर्ग, नाहीतर स्पर्धेला नेणारी जीप. चार भिंती सगळीकडे सारख्याच.

आधी आपल्याच महाराष्ट्रातली जुनी गोष्ट सांगते. बाळू पालवणकर हे नाव फार थोड्यांनी ऐकलं असेल. मूळ घराणं कोकणातलं, चांभार समाजातलं, जन्म १८७६ चा. वडील लष्करी खात्यात नोकरीला, त्यामुळे बाळूंचं लहानपण पुण्यात गेलं. गोऱ्या साहेबांच्या क्लबात खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा, जाळी लावायची, असं त्यांचं काम. पगार महिन्याला चार रुपये. साहेब लोकांना सराव करायचा असला की हे चेंडू टाकायचे. ग्रेग नावाचा एक साहेब म्हणे आपल्याला बाद केलं की आठ आणे द्यायचा. चेंडू टाकून टाकून बाळूंचा हात असा बसला की त्या काळात देशात त्यांच्या तोडीचा डावखुरा फिरकी गोलंदाज सापडेना. बॅट मात्र त्या क्लबात त्यांच्या हाती कुणी दिली नाही.

पुण्यातल्या हिंदूंच्या क्लबाला गोऱ्यांना हरवायचं होतं. त्यांना बाळू हवे होते, पण बाळूंची जात नको होती. बरीच चर्चा होऊन त्यांना संघात घेतलं. आता नीट ऐका. मैदानावर चेंडू तोच. बाळू टाकणार, दुसरा झेलणार, तिसरा उचलून परत देणार. त्यात विटाळ नव्हता. चहाची वेळ झाली की बाकीचे आत बसून चिनी मातीच्या कपातून चहा पिणार आणि बाळूंना बाहेर, वापरून फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यातून. तोंड धुवायला पाणी हवं तर ते कोपऱ्यात, वेगळं. जेवायला ताट वेगळं, बसायची जागा वेगळी. म्हणजे सामना जिंकून देणारा माणूस दुपारी पुन्हा अस्पृश्य व्हायचा.

पुढे साताऱ्याच्या गोऱ्यांच्या क्लबाविरुद्ध त्यांनी सात गडी बाद केले. मग सत्कार, हारतुरे झाले. न्यायमूर्ती रानड्यांनी जाहीरपणे विचारलं की सोबत खेळता तर सोबत जेवत का नाही. हळूहळू काही बंधनं सैल झाली. १९११ साली पहिला भारतीय संघ इंग्लंडला गेला, संघाची कामगिरी साधारणच होती, पण बाळूंनी त्या दौऱ्यात शंभराहून जास्त बळी घेतले.

तरी कॅप्टनपद? ते नाही. मुंबईच्या मोठ्या स्पर्धेत हिंदू संघाचं नेतृत्व वर्षानुवर्षं उच्चवर्णीयांकडेच राहिलं. १९२० साली बाळूंना वगळलं आणि त्यांचा भाऊ विठ्ठल याच्यापेक्षा अनुभवाने लहान असलेल्याला कॅप्टन केलं. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या दोन भावांनी कारण जाहीर करून संघातून अंग काढून घेतलं. भांडण नाही, मारामारी नाही. आम्हाला जातीमुळे डावललंय, आम्ही खेळत नाही, असं लोकांसमोर सांगितलं. पेपरात चर्चा झाली, लोकांनी त्यांची बाजू घेतली. त्याच स्पर्धेत पुढच्या सामन्यासाठी बाळूंना उपकर्णधार म्हणून परत बोलावलं. आणि १९२३ मध्ये विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कॅप्टन झाले आणि स्पर्धा जिंकली. विठ्ठल यांनी मराठीत आत्मचरित्रही लिहिलंय, ‘माझे क्रीडा-जीवन’. एखाद्या वाचनालयात मिळालं तर जरूर वाचा.

मला या गोष्टीतली सगळ्यात महत्त्वाची बाब वाटते ती मातीच्या भांड्याची. मैदान सगळ्यांना दिसतं, तिथे सगळे चांगले वागतात. माणसाचा खरा अपमान आत होतो, चहाच्या वेळी होतो.

आता म्हणाल, शंभर वर्षं झाली त्याला. तर २०२० ची गोष्ट ऐका. वेस्ट इंडीजचा डॅरेन सॅमी, दोन वेळा विश्वचषक जिंकलेला कॅप्टन. तो आपल्याकडे आयपीएलमध्ये हैदराबादच्या संघाकडून खेळायचा. तिथे त्याला आणि श्रीलंकेच्या थिसारा परेराला ‘काळू’ म्हणायचे. त्याला भाषा कळत नव्हती. त्याला वाटायचं, याचा अर्थ तगडा घोडा असा काहीतरी असेल, म्हणून हाक मारली की तोही हसायचा, सगळे हसायचे. काही वर्षांनी एका टीव्ही कार्यक्रमातून त्याला त्या शब्दाचा अर्थ कळला. ज्या वेळी सगळे हसत होते तेव्हा आपल्यालाच हसत होते, हे तेव्हा त्याच्या लक्षात आलं. त्याने उघड विचारलं. मग एका खेळाडूने त्याला सांगितलं म्हणे, की आम्ही प्रेमानंच म्हणत होतो.

प्रेमानं! हा शब्द आपल्या घराघरातला आहे, मैत्रिणींनो. आपल्याकडे ‘काळ्या’, ‘काळी’, ‘ठेंगू’, ‘जाडी’ ही नावं प्रेमानंच ठेवतात. घोडेगावच्या बाजारात म्हैस काळीभोर, तुकतुकीत असली की गिऱ्हाईक चार वेळा पाठीवरून हात फिरवतं आणि भाव चढतो. तीच माणसं पोरगी बघायला गेली की रंग ‘थोडा दबलेला’ आहे म्हणून हुंड्याचा आकडा वाढवतात. (हुंडा घेणं-देणं गुन्हा आहे, ते आपण मागच्या एका भाषणात बोललोच आहोत.) तेव्हा सॅमीला काळू म्हणणाऱ्या पोरांना तो शब्द आभाळातून पडलेला नव्हता. घरून नेलेला होता.

इंग्लंडमध्येही हेच. अझीम रफीक नावाचा मुलगा पाकिस्तानातून दहा वर्षांचा असताना तिकडे गेला आणि यॉर्कशायरच्या मोठ्या क्लबातून खेळू लागला. त्याला त्याच्या मूळ देशावरून शिवीसारखा शब्द वापरायचे. आपला चेतेश्वर पुजारा तिकडे खेळायला गेला, तर त्याचं नाव घेता येत नाही म्हणून त्याला सरळ ‘स्टीव्ह’ करून टाकलं. रफीकने तक्रार केली. क्लबाच्या चौकशीत त्याचा छळ झाल्याचं मान्य झालं, पण कुणावरच कारवाई नको असं ठरलं. देशावरून दिलेल्या शिवीलासुद्धा मित्रांमधली चेष्टा म्हटलं गेलं.

नोव्हेंबर २०२१ मध्ये तो तिथल्या संसदेच्या समितीसमोर बसला आणि डोळ्यात पाणी आणून सगळं सांगितलं. त्याआधी काही दिवसच क्लबाचा अध्यक्ष गेला होता, जाहिरातदार सोडून गेले होते, मोठे सामनेही काही काळ बंद झाले होते. २०२३ मध्ये क्लबाला चार लाख पौंडांचा दंड झाला, त्यातले तीन लाख पुढच्या वागण्यावर राखून ठेवले, आणि स्पर्धेतले गुणही कापले. याच प्रकरणात रफीकने स्वतः पूर्वी ज्यू लोकांविषयी लिहिलेला एक वाईट मजकूर बाहेर आला. त्याने त्याची माफी मागितली. हे मुद्दाम सांगतेय. ज्याला शिवी लागते, तोही दुसरीकडे शिवी देत असू शकतो. म्हणून त्याची तक्रार खोटी ठरत नाही.

आता आपल्या जिल्ह्याचं. अजिंक्य रहाणे आपला, संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दला जन्मलेला. जानेवारी २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियात सिडनीला तो भारताचा कॅप्टन होता. मोहम्मद सिराज हा हैदराबादच्या रिक्षावाल्याचा मुलगा, वडील दौरा चालू असतानाच वारले होते, तरी तो तिथेच थांबलेला. सीमारेषेवर उभा असताना प्रेक्षकांतून त्याला रंगावरून घाण बोललं गेलं. त्याने गप्प न बसता कॅप्टनला सांगितलं. रहाणेने पंचांना सांगितलं. खेळ थांबला, पोलिसांनी सहा जणांना बाहेर काढलं. सिराजने नंतर सांगितलं की पंचांनी मैदान सोडायचा पर्याय दिला होता, पण आम्ही काही चूक केलेली नाही, आम्ही का जावं, असं रहाणेचं म्हणणं पडलं. सामना वाचवला, पुढचा ब्रिस्बेनचा सामना जिंकला, मालिका जिंकली.

सिराज बोलला म्हणून झालं, हे खरं. पण तो बोलला, कारण आपला कॅप्टन आपल्याला ‘सोड रे, लक्ष देऊ नकोस’ म्हणणार नाही याची त्याला खात्री होती. आपल्या मुलीला अशी खात्री आपल्याविषयी आहे का?

आणि फक्त परक्यांनाच नावं ठेवायची नाहीत. २००७ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईच्या वानखेडे स्टेडियमवर ऑस्ट्रेलियाचा अँड्र्यू सायमंड्स आला तेव्हा आपल्याच माणसांनी त्याला माकडाचे आवाज काढून दाखवले. पोलिसांनी काही जणांना पकडलं होतं. २०२१ च्या ऑलिम्पिकमध्ये हॉकीच्या वंदना कटारियाने एका सामन्यात तीन गोल केले, असं करणारी ती पहिली भारतीय बाई. उपांत्य सामना आपण हरलो, तेव्हा उत्तराखंडात तिच्या घरासमोर फटाके फोडून घरच्यांना जातीवरून बोलण्यात आलं. संघात दलित जास्त झाले म्हणून हरलो, असं. पोरगी तिकडे देशासाठी खेळतेय आणि इकडे तिच्या घरचे हे ऐकतायत.

हे सगळं चालतं कसं, ते बघू. पहिली गोष्ट, नाव पाडणारा एकटा कधीच नसतो. एक बोलतो, चार हसतात, दहा गप्प बसतात. गप्प बसणाऱ्यांना वाईट वाटत असतं, पण पुढचा नंबर आपला लागेल अशी धास्ती असते. दुसरी गोष्ट, संघात कुणाला घ्यायचं हे ज्याच्या हातात, त्याच्याकडेच तक्रार करायची असते. तक्रार केली की ‘ही कटकटी आहे’ असा शिक्का आणि पुढच्या सामन्यात बाकावर. खेळाडूचं वय थोडं असतं, संधी दोन-चार वर्षांची असते, म्हणून तो गिळत राहतो. तिसरी गोष्ट म्हणजे हसणं. ज्याला बोललं जातं तोही हसतो, आणि मग सगळे म्हणतात, ‘त्याला कुठे वाईट वाटलं? तोही हसतच होता की.’ सॅमीही हसत होता.

थट्टा आणि छळ यात फरक कसा ओळखायचा, असं मला गटातल्या एका मावशींनी विचारलं. मी म्हटलं, तुमच्या सुनेला विचारा. मावशींसकट सगळ्याच हसल्या, पण उत्तर तेच आहे. ज्याची थट्टा होते, त्याला तसंच उलट बोलता येतं का? आणि ‘पुरे’ म्हटल्यावर ती थांबते का? दोन्हीचं उत्तर नाही असेल तर ती थट्टा नाही. जात, रंग, धर्म, आईबापांचा धंदा, शरीर, यावरून रोज उठून बोलणं तर थट्टा नाहीच.

आपल्याकडे काय होतं तेही सांगते. आमच्या एका गटातल्या ताईंची मुलगी कबड्डीत चांगली होती. चढाई तर अशी करायची की मुलंही बघत बसायची. एक दिवस तिने खेळ सोडला. विचारलं तर म्हणे, पोट दुखतं. आईने डॉक्टर केला, देवाचं केलं, दोन महिने गेले. शेवटी तिच्या मैत्रिणीकडून कळलं. संघातल्या मोठ्या मुली तिला तिच्या आडनावावरून आणि बापाच्या कामावरून बोलायच्या. तिच्या बाटलीतलं पाणी कुणी पीत नव्हतं, तिला मात्र शेवटून पाणी मिळायचं. मासिक पाळीचा डाग पडला तेव्हा त्याचं गाणं केलं होतं. शिकवणाऱ्यांना माहीत होतं, ते म्हणाले, पोरींचं पोरींनीच मिटवावं.

मातीच्या भांड्याला शंभर वर्षं झाली असं आपण मघाशी म्हटलं. ही पाण्याची बाटली आत्ताची आहे.

म्हणून मुलीने अचानक सरावाला जायला टाळाटाळ केली, स्पर्धेच्या आदल्या दिवशी आजारी पडू लागली, खेळाचे कपडे लपवू लागली, आधी लाडाने सांगायची ती मैत्रिणींची नावं घेईनाशी झाली, तर पोटदुखीच्या पलीकडे बघा. थेट ‘तुला कुणी त्रास देतं का’ विचारलं तर ‘नाही’च म्हणेल. भाकरी करताना, शेतात जाताना, शेजारी बसून विचारा, ‘तुमच्या टीममध्ये सगळ्यात जास्त कुणाला चिडवतात गं?’ दुसऱ्याचं सांगता सांगता स्वतःचं येतं. आणि आलं की लगेच ‘मग सोड तो खेळ’ म्हणू नका. त्रास देणारीचा खेळ चालू आणि हिचा बंद, हा कुठला न्याय? मुलांचंही असंच. मुलगा आहे म्हणून त्याला रडायचीसुद्धा सोय नसते.

आता कायद्याचं, थोडं लक्ष देऊन ऐका.

अनुसूचित जाती किंवा जमातीच्या व्यक्तीला दुसऱ्या समाजातल्या कुणी चारचौघांत जातीवाचक शिवी दिली किंवा मुद्दाम अपमान केला, तर १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा होतो. शिक्षा सहा महिने ते पाच वर्षं. यात ‘चारचौघांत’ हा शब्द महत्त्वाचा आहे. बंद खोलीत, बाहेरचं कुणी ऐकणारं नसताना बोललं गेलं तर हे कलम लागू होण्यात अडचण येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटलंय. म्हणून कुणाकुणासमोर बोललं, कुणी ऐकलं, ही नावं पहिल्या दिवशीच लिहून ठेवा. या कायद्यासाठी १४५६६ हा मदतीचा नंबर आहे. बोलणारी पोरंही लहानच असतील तर त्यांना तुरुंगात टाकायचा प्रश्न येत नाही, त्यांच्यासाठी बाल न्याय मंडळ असतं. आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा त्या पोरांच्या आईबापांना समोर बसवून बोललं तरी बरंच काम होतं.

अंगाला हात लावणं, शरीरावरून घाणेरडं बोलणं, कपडे बदलताना बघणं किंवा फोटो काढणं, हे अठरा वर्षांखालच्या मुलामुलीच्या बाबतीत झालं तर पॉक्सो कायदा लागतो. तो २०१२ चा. ज्याला हे कळलंय त्याने पोलिसांना सांगणं बंधनकारक आहे, मग तो शिक्षक असो की प्रशिक्षक. ‘संस्थेची बदनामी होईल’ हे कारण चालत नाही.

अठराच्या पुढच्या मुलींसाठी कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा आहे. आपल्याला वाटतं तो ऑफिसातल्या बायकांसाठी. तसं नाही. त्यात क्रीडा संस्था, स्टेडियम, क्रीडा संकुल, स्पर्धेची जागा, अशी नावं घेऊन कामाचं ठिकाण म्हटलंय, राहण्याची सोय असो वा नसो. दहा किंवा जास्त माणसं काम करत असतील तिथे अंतर्गत समिती हवी. त्याहून लहान संस्था असेल, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. तक्रार लेखी आणि तीन महिन्यांच्या आत. योग्य कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवून देते.

पण शाळेतलं प्रकरण असेल तर आधी शाळेकडे जा. मुलाला मानसिक त्रास देणं शिक्षण हक्क कायद्यालाही मान्य नाही. मुख्याध्यापकांना अर्ज द्या, शाळा व्यवस्थापन समितीत आपल्या गटातली कुणी असतेच, तिला सोबत घ्या. एकटी आई गेली की तिला ‘बघतो’ म्हणून परत पाठवतात. पाच बायका गेल्या की खुर्च्या मागवतात, हा माझा बारा वर्षांचा अनुभव आहे. तिथे दाद लागली नाही तर गटशिक्षणाधिकारी, आणि क्रीडा स्पर्धेचं असेल तर जिल्हा क्रीडा अधिकारी. मूल संकटात असेल तर १०९८ वर दिवसा-रात्री केव्हाही फोन करता येतो.

अर्जात ‘आमच्या मुलीला त्रास देतात’ एवढंच लिहू नका. तारीख, जागा, बोललेला शब्द जसाच्या तसा, बोलणाऱ्याचं नाव, ऐकणाऱ्यांची नावं, आणि आम्हाला काय हवंय ते. उदाहरणार्थ, मुलीला संघातून काढू नये, स्पर्धेला जाताना सोबत बाई शिक्षिका असावी, कपडे बदलायला कडी लागणारी खोली असावी, सगळ्यांना पाणी एकाच जागचं असावं.

त्या कबड्डीवाल्या मुलीच्या वेळी आम्ही असाच अर्ज केला होता. दोन बैठका झाल्या, त्यातली पहिली भांडणातच गेली. दुसऱ्या बैठकीला त्या मोठ्या मुलींपैकी एकीची आई स्वतःहून उठून बोलली, त्यानंतर सूर बदलला. मुलगी दिवाळीनंतर परत खेळायला लागली. पाण्याची आता एकच टाकी आहे.

अर्ज दोन प्रतींत लिहा, आणि दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय ऑफिसातून उठू नका.